पासपोर्ट कुठंय तुझा?

गेल्या महिन्यात लेक चार दिवस घरी आली होती. खिचडी मी करते, तू बस, असं म्हणून तिने तांदळाच्या डब्यात वाटी घातली आणि किंचाळलीच, "मॉम! व्हाय इज देअर अ पासपोर्ट इन द राइस?"

"असू दे. तिथेच असतो तो."

"बट व्हाय?"

काय सांगणार? एका बाईंनी ठेवायला सांगितलं होतं, म्हटलं. "डु आय नो हर?" नाही, तू व्हायच्या आधीची गोष्ट. तिने डोळे फिरवले, वाटीभर तांदूळ काढले आणि झाकण लावलं. त्या बाईंनी सांगितलं तेव्हापासून माझे तीन पासपोर्ट बदलले, देश बदलला, डबा स्टीलचा होता तो प्लॅस्टिकचा झाला. जागा तीच. आणि त्या जागेकडे हात गेला की रामटेकेमावशी आठवतात, दर वेळी, सुट्टी नाही.

मी शहाण्णव साली लग्न होऊन अमेरिकेत पिस्कॅटवेला आले. विटांच्या दुमजली इमारतींचं मोठं कॉम्प्लेक्स होतं. सकाळी आठला सगळे नवरे गाड्या काढून ऑफिसला जात आणि मागे राहत आम्ही बायका. नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधून आलेल्या. नोकरी करायची परवानगी नाही, गाडी येत नाही, बस तासाला एक, ती आली तर. पुण्यात मी स्कूटरवर गावभर हिंडत होते. इथे दुधासाठी शनिवारची वाट बघायची.

मावशी पहिल्यांदा भेटल्या त्या लाँड्रीच्या खोलीत. उंच, हडकुळ्या, पंचावन्नच्या आसपास. सुती साडी, वर पुरुषी स्वेटर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, मनगटावर आतल्या बाजूला वळवलेलं मोठं घड्याळ. मशीनसमोर तिरक्या उभ्या होत्या, दाराकडे एक डोळा ठेवून. मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "मराठी?"

"हो. मी मेधा. पुण्याची. मागच्याच आठवड्यात आले."

"पासपोर्ट कुठंय तुझा?"

नाव नाही, गाव नाही, नवरा काय करतो नाही. मला वाटलं सरकारी खात्यातल्या आहेत की काय! "ह्यांच्याकडे," मी म्हटलं.

"ह्यांच्याकडे म्हणजे कुठे? घरात? ऑफिसात? बँकेत?"

"माहीत नाही."

"माहीत करून घे," म्हणाल्या आणि आपले कपडे उचलून गेल्या.

मला राग आला. आमच्यात ती पद्धतच होती. विमानतळावरून घरी आलं की बायको पासपोर्ट नवऱ्याच्या हातात देई, माहेरचे दागिने सासूच्या हातात द्यावेत तसा. जपून ठेवण्यासाठी. कोणी मागत नसे, कोणी नाकारत नसे. त्यात वावगं ते काय? संध्याकाळी मी प्रसादला सहज विचारलं. तो चमकला. "का गं? कोणी काही बोललं का?" मी रामटेकेमावशींचं नाव घेतलं. "त्या बाईपासून जरा लांब राहा यार," तो म्हणाला. "सगळे म्हणतात, घरं फोडते." मग उठला, टेबलाच्या खणातून पासपोर्ट काढून माझ्यापुढे ठेवला आणि दोन दिवस तोंड फुगवून बसला. माझा नवरा भला आहे. पण भल्या माणसालाही तेवढ्या एका प्रश्नाने दोन दिवस लागावेत, हे मला तेव्हा खटकलं नाही. मला वाटलं, चूक माझी.

मावशींबद्दल जे काही कळलं ते सगळं सुषमाताईंकडून. सुषमाताई कॉम्प्लेक्समधल्या सर्वांत जुन्या, आठ वर्षं तिथेच राहिलेल्या. कोण कुणाकडे जेवायला जाईल, गणपतीला कुणाचे मोदक, सगळं त्या ठरवत. रामटेकेबाई नागपूरच्या. विद्यापीठाच्या लायब्ररीत मागच्या खोलीत काम करतात, फाटक्या पुस्तकांच्या बांधण्या दुरुस्त करायचं. नवरा होता, आता नाही. मेला की सोडला कोण जाणे. त्यांनी दोन मुलींना नवऱ्यांपासून तोडलं. एवढं सांगून सुषमाताई आवाज उतरवून म्हणाल्या, "आणि फोनवर 'जयभीम' म्हणतात. मी स्वतः ऐकलंय." झालं. पुढचं कोणी विचारलं नाही.

मी तरी काय वेगळी होते? आमच्या घरी कोणी उघड काही बोलत नसे, पण कोणाच्या घरी पाणी प्यायचं आणि कुठे 'आत्ताच घेतलं' म्हणायचं, हे मला न शिकवता येत होतं. पहिल्यांदा मावशींकडे गेले ती त्यांचा लाँड्रीत राहिलेला टॉवेल द्यायला. त्यांनी बसवलं. मग कपाटातून बिस्किटांचा न फोडलेला पुडा काढला, कात्री काढली आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवलं. म्हणाल्या, "पॅक्ड आहे. चालेल तुला." मला वाटलं, विचित्रच बाई, बशीत काढून द्यायला काय होतं? मी पुडा कापला, दोन बिस्किटं खाल्ली. बऱ्याच दिवसांनी माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला तेव्हा मी स्वयंपाक करता करता एकटीच लाजेने लाल झाले.

त्यांचा संशय मात्र सर्वांवर सारखा. पोस्टमनवर, दूधवाल्या कंपनीवर, हवामानखात्यावर. दाराची बेल कधी वाजवत नसत, बोटाने दोनदा ठोकत. "बेल वाजवणाऱ्याला काहीतरी विकायचं असतंच," म्हणत. आलेलं पत्र आधी दिव्यापुढे धरून बघत. स्वतः पाकीट बंद केलं की जोडावर सही करत, अर्धी वरच्या पदरावर, अर्धी खाली. कुणाच्याही घरी दाराकडे पाठ करून बसल्या नाहीत. कोणी फार गोड बोललं की त्याला तोंडावर विचारत, "हवं काय तुम्हाले?" आणि घरातले महत्त्वाचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात, तळाशी.

"तांदळात का, मावशी?"

"पुरुष कागद शोधायला लागला तं सगळं घर उलथंपालथं करते. गाद्या फाडते. पण तांदळाच्या डब्यात हात घालत नाही. ते बायकांचं काम आहे न."

मला हसू आलं. मनात म्हटलं, दुधाने तोंड पोळलंय, म्हणून ताकही फुंकून पिताहेत. पण घरी गेल्यावर माझा पासपोर्ट मी तांदळात ठेवला. गंमत म्हणून. प्रसादला सांगितलं नाही, आणि ते मात्र गंमत म्हणून नव्हतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी त्यांना बोलावून बसले. हळदीकुंकू सुषमाताईंच्या घरी, बोलावणी करायचं काम माझ्याकडे, आणि कोणाला वगळायचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. न सांगता कळायला हवं होतं म्हणे. मावशी आल्या. सगळ्यांच्या गप्पा एकदम थांबल्या. कुंकू लावून घेतलं नाही, तिळगूळ रुमालात बांधला आणि दाराजवळची खुर्ची धरली. सुषमाताईंनी मला आत ओढून जो काही चिमटा काढला!

पुरुषांना त्या दिवशी शेजारच्या घरात हाकललं होतं. बायकाच बायका, साड्या, गजऱ्यांऐवजी कागदाची फुलं. सुषमाताई वातावरण हलकं करायला म्हणाल्या, "बघा, जनानखानाच झालाय अगदी!" सगळ्या हसल्या.

"जनानखान्यात काय असायचं माहीत आहे तुम्हाले?" दाराकडून आवाज आला.

कोणीतरी खिदळत म्हणालं, "नाचगाणी, अत्तरं, हौद..."

"ते चित्रात. एक जाडं पुस्तक आहे सध्या माझ्याकडे शिवायला, वाचून राहिली मी. मोठमोठ्या बादशहांचे जनानखाने. हौद थोडे, कुलपं जास्त. शिवणटिपण, पोरं, आजारपणं, कोणाचं कोणाशी पटत नाही. अशीच दुपार, तुमच्यासारखी. आणि बादशहाला एवढ्या बायका राखायला वेळ कुठे? तो आपला लढाईत. मग राखत कोण होतं?"

मावशींनी रुमालाची गाठ घट्ट केली.

"म्हाताऱ्या बायका. बादशहाची आई, जुन्या दासी. ज्या स्वतः कधीतरी रडत आत आल्या होत्या, त्याच. कोण कुठे गेली, कोणाचं पत्र आलं, सगळं त्या बघायच्या. दारावर पहारेकरी असतील, पण आतली किल्ली बाईच्याच कमरेला."

एवढं बोलून मावशींनी सहज मान वळवली. सुषमाताईंच्या दाराशेजारी भिंतीवर लाकडी पट्टी होती आणि तिच्या आकड्यांना निम्म्या कॉम्प्लेक्सच्या किल्ल्या टांगलेल्या होत्या. भारतात जाणारे लोक झाडांना पाणी घालायला त्यांच्याकडे किल्ली ठेवून जात. बिचाऱ्या सुषमाताई काही वाईट नव्हत्या. पण त्या दिवशी सगळ्या बायकांनी एकदाच त्या पट्टीकडे बघितलं, आणि मग तिळगुळाचं ताट फिरलं. मावशी उठून गेल्या. मला त्यांचा राग आला. दुसऱ्याच्या घरी जाऊन असं बोलतात का कोणी?

त्या हळदीकुंकवातच मंजिरीशी माझी गट्टी जमली. मंजिरी नाशिकची, मायक्रोबायॉलॉजीची बीएस्सी, चोवीस वर्षांची, हसताना तोंडावर हात ठेवणारी. तिचा नवरा नितीन आमच्या सगळ्यांचा लाडका. गणपतीत गायचा. सुषमाताईंचं सामान जिन्यावरून चढवून द्यायचा. बायकांना 'वहिनी, वहिनी' करून इतका मऊ बोलायचा की माझ्या प्रसादला मी चारदा त्याचं उदाहरण दिलं असेल. एकच होतं. मंजिरीला दुपारी फोन केला की वाजत राहायचा, ती उचलायचीच नाही. विचारलं तर म्हणाली, "अगं, कॉर्डलेसचा हँडसेट नितीनच्या बॅगेत जातो चुकून. विसरतो तो."

मी हे हसत मावशींना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "रोज?"

"हो, जवळजवळ."

"चूक एवढी नेमानं होत नाही, पोरी."

मला वाटलं, झालं यांचं सुरू. ह्यांना हार दिसला तरी साप दिसणार. मावशींबद्दलचा माझा संशय त्या दिवसापासून पक्का झाला. या बाईला कोणाचं बरं चाललेलं बघवतच नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. तरी जात राहिले. का? खरं सांगायचं तर त्यांच्याकडे गाडी होती आणि त्या शिकवत होत्या.

शनिवार-रविवार नव्हे, मंगळवार-गुरुवारी, त्या तीनला लायब्ररीतून आल्या की. चर्चमागचं रिकामं पार्किंग, त्यांची म्हातारी, लांबलचक तपकिरी गाडी, मी आणि मंजिरी. पहिल्या दिवशी मी चाक धरून विचारलं, "आता पुढे?"

"पुढे नाही. आधी रिव्हर्स."

"पण मावशी, सगळे आधी..."

"पुढे जायला कोणीही शिकवते. तुझा बाप शिकवते, नवरा शिकवते. अडकलीस तं मागे कसं यायचं, ते कोणी शिकवत नाही. मान वळव. आरशावर भरवसा ठेवू नको."

दोन आठवडे आम्ही फक्त मागे मागे जात होतो. चर्चचे पाद्री खिडकीतून बघून हसायचे. मंजिरीला माझ्याआधी जमलं. ती मान वळवून, ओठ दाताखाली धरून, ती एवढी मोठी गाडी दोन पांढऱ्या रेघांच्या मधे अशी अलगद नेऊन ठेवायची की मावशींच्या तोंडून निघून जायचं, "वा, बापा!" मंजिरी तेव्हा तोंडावर हात न ठेवता हसायची. हे शिकणं नितीनला माहीत नव्हतं. मलाही ते खूप उशिरा कळलं.

एका गुरुवारी पाऊस-बर्फ असं काहीतरी पडत होतं म्हणून शिकवणी झाली नाही, आणि मी त्यांच्या घरी बसले. आतून वास येत होता. गोळाभात. शिजत्या भातात बेसनाचे गोळे सोडायचे आणि पानात वरून मोहरीच्या फोडणीचं कडकडीत तेल. मावशींनी सवयीने पुडा आणि कात्री काढली. माझ्या तोंडून निघालं, "मावशी, मला भूक लागलीय. ते द्या ना."

त्या थांबल्या. माझ्याकडे बराच वेळ संशयाने बघितलं, पोस्टमनकडे बघत तशाच. मग पुडा परत कपाटात गेला. दोन ताटं आली. त्यांनी तेल ओतलं, चर्र झालं, आणि मी दोनदा मागून घेतलं. त्या दिवसापासून पुडा परत निघाला नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, हेही कबूल करते. जशी काही मीच त्यांच्यावर मेहेरबानी केली होती.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात मंजिरीला विद्यापीठात प्रवेश मिळाला. एमएस, तीही विद्यापीठाकडून पैशांची मदत मिळून. अर्ज मावशींच्या पत्त्यावरून गेला होता, उत्तरही त्यांच्याच पत्त्यावर आलं. तिला नवऱ्याच्या व्हिसावरून स्वतःच्या, विद्यार्थ्याच्या व्हिसावर यायचं होतं. त्या अर्जाला पासपोर्टमध्ये स्टेपल केलेला तो छोटा पांढरा कागद लागे, विमानतळावर मिळालेला. त्याशिवाय काही हलत नव्हतं. विद्यापीठातल्या बाईंनी गुरुवारी सकाळी नऊला बोलावलं होतं, मुदतीच्या आधीची ती शेवटचीच वेळ. आणि मंजिरीचा पासपोर्ट नितीनच्या ऑफिसच्या बॅगेत, आकड्यांच्या कुलपात होता. दोनदा मागून झाला होता. एकदा म्हणाला बँकेत आहे, एकदा म्हणाला रिन्यूअलला दिलाय.

सोमवारी तो अंघोळीला गेला असताना मंजिरीने कुलूप उघडलं. आकडा त्याच्या आईच्या घराचा नंबर होता. पासपोर्ट काढला आणि त्याच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात त्याच मापाची जुनी डायरी घालून ठेवली.

त्या दुपारी मावशी माझ्या दारात. दोनदा ठक ठक. हातात पाकीट, जोडावर सही. "हे गुरुवारपर्यंत तुझ्या तांदळात राहू दे. माझ्या घरी तो पहिले येईल. तुझ्यावर कोणाचा संशय नाही." मग जाता जाता मागे वळून, "कोणाले देऊ नको. मी स्वतः येईन, साडेआठला. मी किंवा मंजिरी. तिसरं कोणी नाही."

मी ठेवलं. पण मला त्या रात्री धड झोप लागली नाही. सुषमाताईंचं 'घरं फोडते' कानात घुमत होतं. मंजिरीला खरंच हे हवंय, की ह्यांनी तिच्या डोक्यात भरवलंय? उद्या काही झालं तर माझ्या घरात दुसऱ्याचा पासपोर्ट सापडणार. मंगळवारी राहवलं नाही. कुकरच्या वाफेवर पाकीट धरलं, सही ओली होऊन पसरली, आणि आत बघितलं. पासपोर्ट आणि विद्यापीठाचं पत्र. दुसरं काही नाही. काय सापडेल असं मला वाटलं होतं, देव जाणे! पाकीट बिघडलं होतं, ते फेकून दिलं. कागद नुसतेच पिशवीत घालून ठेवले, माझ्या पासपोर्टशेजारी.

बुधवारी संध्याकाळी सहाला बेल वाजली. नितीन. एकटाच. डोळे लाल, केस विस्कटलेले.

"वहिनी, एक मदत हवी होती. मंजिरीच्या आईंना अटॅक आलाय. नाशिकहून फोन आला. मंजिरीला अजून सांगितलं नाहीये, ती कोसळेल हो. उद्याचं तिकीट मिळतंय. फक्त तिचा पासपोर्ट... मंजिरी म्हणाली तुमच्याकडे ठेवायला दिलाय."

आता इथे कोणालाही कळेल. तिला काही सांगितलंच नाही, तर तिने पासपोर्टचं कशावरून सांगितलं? सांगितलंच असेल, तर ती स्वतः का आली नाही, एका जिन्याचं तर अंतर? मावशींनी हे दोन प्रश्न दारातच विचारले असते, त्याने बूट काढायच्या आत. पण माझा सगळा संशय मी मावशींवर उधळून बसले होते, नितीनसाठी चिमूटभरही उरला नव्हता. तो रडत होता. तो 'वहिनी' म्हणत होता.

मी स्वयंपाकघरात गेले. डब्यात हात घातला. पहिला हाताला लागला तो माझा होता. तो परत तांदळात खोल खुपसला आणि दुसरा काढून दिला.

नितीनने त्यावरचा तांदळाचा पांढरा भुगा रुमालाने नीट पुसला. "थँक यू वहिनी. तुमचे उपकार विसरणार नाही," म्हणाला. विद्यापीठाचं पत्र पिशवीतच राहिलं. ते त्याने मागितलं नाही आणि मी दिलं नाही, एवढीच काय ती माझी अक्कल.

गुरुवारी सकाळी नितीन-मंजिरीच्या पार्किंगच्या जागी गाडी नव्हती. बरोबर साडेआठला दारावर दोनदा ठक ठक झालं. मी गॅस बंद केला आणि दाराशी येऊन, कडीला हात न लावता उभी राहिले. परत दोनदा. बाहेर मावशींच्या बुटांचा आवाज आला, थांबला. त्या दारापलीकडे उभ्या होत्या आणि मी अलीकडे, मधे दोन इंच लाकूड. माझा श्वासही त्यांना ऐकू जात असेल असं मला वाटत होतं. मग त्या गेल्या.

त्यांनी मला काही विचारलं नाही. समोर आल्या तर मान हलवत आणि पुढे जात. मी मनाशी घोकत होते, आई आजारी आहे, मुलगी आईकडे गेली, ह्यात माझं काय चुकलं? तीन आठवडे घोकलं. मग नितीन परत आला. एकटा. सुषमाताईंना म्हणाला, तिला इथलं मानवतच नव्हतं, काही दिवस माहेरीच राहील. गणपतीत त्याने दोन गाणी म्हटली. लोकांनी वन्स मोअर दिला.

पुढच्या आठवड्यात मंजिरीचं पत्र आलं, नाशिकहून. 'आई ठणठणीत आहे. नितीन मला सोडून पासपोर्ट घेऊन परत गेला, पुण्याला जाऊन येतो म्हणून निघाला तो थेट विमानातच बसला. इथे सगळे मलाच विचारतात, तू काय केलंस? मेधा, मी तुझं नाव कोणालाच सांगितलं नव्हतं गं. आईशप्पथ. त्याला कसं कळलं असेल? मावशींवर संशय घ्यायला मन होत नाही. तुला काही माहीत आहे का?'

तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे नितीनने बेल वाजवून नुसता खडा टाकून पाहिला होता. आमची गट्टी त्याला माहीत होती, बाकी काहीही माहीत नव्हतं. मी नुसतं 'माझ्याकडे नाही हो' म्हटलं असतं तर तो जिना उतरून गेला असता.

ते पत्र घेऊन मी मावशींकडे गेले. दार उघडलं. घरात खोकी भरलेली होती. त्यांना ॲरिझोनात चँडलरच्या कॉलेजात काम मिळालं होतं, महिन्याअखेर जाणार होत्या. मला हेही माहीत नव्हतं. त्या दाराकडे तोंड करून बसल्या, मी समोर. पत्र त्यांनी उजेडात नेऊन दोनदा वाचलं. मग घडी घालून माझ्या हातात दिलं.

"तू दिलास?"

"हो."

"स्वतःच्या हातानं?"

"हो. तो म्हणाला तिची आई..."

त्यांनी हात वर केला. मला वाटलं आता ओरडतील, ओरडल्या असत्या तर किती बरं झालं असतं! मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "तिला खरं लिही. माझ्यावर संशय घेऊन बसेल ती, तं पुढच्या वेळी कोणाकडे जाईल?"

"लिहिते. ती परत येऊ शकेल का, मावशी?"

"ते पत्र सांभाळून ठेव विद्यापीठाचं. तिला पाठव. तिचं नाव आहे त्याच्यावर." मग, अगदी पहिल्या दिवशी विचारलं होतं त्याच आवाजात, "तुझा पासपोर्ट कुठंय?"

"तांदळात."

"बरं आहे."

मी मंजिरीला लिहिलं, सगळं, पाकीट वाफेवर धरलं त्यासकट. विद्यापीठाचं पत्रही पाठवलं. उत्तर आलं नाही. दोन वेळा आणखी लिहिलं, तरी नाही. पुढे तिचं काय झालं ते मला माहीत नाही. चांगलं झालं असेल असं म्हणायचा मला हक्क नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मी डोळे पुसून उठायला लागले तर मावशी म्हणाल्या, "बस. आलीस तं काही खाऊन जा." आत गॅसवर भात शिजत होता, बेसनाचा वास घरभर होता. त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी ताटांचा आवाज येईल म्हणून ऐकत राहिले. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या आणि खोक्यावर माझ्यासमोर बिस्किटांचा न फोडलेला पुडा ठेवला.

"पॅक्ड आहे," म्हणाल्या. "चालेल तुला."

आणि शेजारी कात्री ठेवली, मूठ माझ्याकडे करून.